‘आहे’ म्हणजे ‘इज’ नव्हे: इंग्रजीचे चार वर्तमानकाळ वापरण्याची पायरीवार पद्धत

‘बाबा झोपले आहेत’ हे वाक्य इंग्रजीत करायला सांगितले, की दहावीचा विद्यार्थी काय नि पदवीधर काय, बरेच जण ‘फादर हॅव स्लेप्ट’ असे लिहून मोकळे होतात. काळांचा तक्ता त्यांना पाठ असतो. ‘झोपले आहेत’ हा पूर्ण वर्तमानकाळ, पूर्ण वर्तमानकाळाला ‘हॅव’ आणि क्रियापदाचे तिसरे रूप. हिशेब चोख आणि उत्तर चूक. बाबांसाठी आलेला फोन उचलला तर इंग्रजीत सांगायचे असते ‘माय फादर इज स्लीपिंग’. मराठीतला पूर्ण काळ इंग्रजीत चालू झाला, आदराचे अनेकवचन एकवचन झाले आणि तक्ता जागच्या जागी राहिला.

संध्याकाळच्या वर्गातल्या प्रौढांच्या वह्या तपासताना मला वर्षानुवर्षे त्याच त्या आठ-दहा चुका दिसतात आणि त्यांतली क्वचितच एखादी नियम माहीत नसल्यामुळे झालेली असते. मराठी क्रियापदाचा शेवट पाहायचा आणि त्यावरून इंग्रजी काळ निवडायचा, या सवयीतून त्या होतात. म्हणून पुढे काळांची ओळख करून न देता वाक्य बांधण्याचा क्रम दिला आहे. क्रम मोडला, तर पुढचे नियम पाठ असूनही उपयोगी पडत नाहीत.

पूर्वतयारी: वही आणि कर्ता

एका वहीत आपल्या रोजच्या वापरातली वीस क्रियापदे लिहावीत आणि प्रत्येकासमोर चार रूपे लिहावीत: ‘गो, गोज, गॉन, गोइंग’; ‘राइट, राइट्स, रिटन, रायटिंग’; ‘कम, कम्स, कम, कमिंग’. ‘वेंट’, ‘रोट’, ‘केम’ ही दुसरी रूपे मुद्दाम गाळली आहेत, कारण वर्तमानकाळाच्या चारही प्रकारांत ती कुठेही लागत नाहीत. ‘हॅव वेंट’ ही चूक बहुतेक वेळा पाठांतराच्या ओघात दुसरे रूप आधी तोंडात आल्यामुळे होते. वीस क्रियापदे वकील, नर्स, गॅरेजवाला किंवा शिक्षक यांची निरनिराळी असतील, तशी ती असावीतच. पुस्तकातली ‘फ्लाय’ आणि ‘स्विम’ पाठ करून रुग्णालयात काम करणाऱ्या माणसाला काही बोलता येत नाही.

‘असणे’ या अर्थाच्या क्रियापदासाठी वेगळे पान ठेवावे. इंग्रजीतल्या या एकाच क्रियापदाला 8 रूपे आहेत. त्यांपैकी ‘ॲम’, ‘इज’, ‘आर’ ही वर्तमानकाळाची आणि ‘बीन’ हे तिसरे रूप आपल्याला सतत लागणार आहे.

दुसरी तयारी कर्त्याची. मराठीत ‘साहेब आले आहेत’, ‘आजी देवळात जातात’, ‘सर शिकवत आहेत’ असे आपण एका माणसाविषयी अनेकवचनात बोलतो, आणि तसे न बोलणे उद्धटपणाचे ठरते. इंग्रजीत आदरासाठी अनेकवचन वापरत नाहीत. मुख्यमंत्री असोत की आजोबा, माणूस एक असेल तर क्रियापद एकवचनी: ‘सर इज टीचिंग’, ‘माय ग्रँडमदर गोज’. ‘माय फादर आर’ असे लिहिल्याने वडिलांचा मान वाढत नाही, फक्त वाक्य चुकते. ‘यू’ला मात्र समोर एक माणूस असला तरी ‘आर’ आणि ‘हॅव’च लागते.

काही कर्ते फसवे असतात, ते आत्ताच वेगळे काढून ठेवावेत. ‘पोलीस आला’ असे आपण म्हणतो, पण इंग्रजीत पोलीस दलाला उद्देशून ‘द पोलीस आर कमिंग’ असे अनेकवचनच वापरतात. ‘न्यूज’च्या शेवटी ‘एस’ असूनही ते एकवचनी: ‘द न्यूज इज’. ‘एव्हरीबडी’ म्हणजे सगळे, तरी ‘एव्हरीबडी नोज’. ‘वन ऑफ माय फ्रेंड्स’ यात कर्ता ‘वन’ आहे, म्हणून ‘वन ऑफ माय फ्रेंड्स लिव्हज इन ठाणे’. शेजारच्या ‘फ्रेंड्स’कडे पाहून ‘लिव्ह’ लिहू नये.

तपासणी: वाक्य बांधण्यापूर्वी कर्ता खोडून त्याच्या जागी ‘आय, यू, वी, दे’ किंवा ‘ही, शी, इट’ यांपैकी एक शब्द लिहावा. तो लिहिता आला नाही, तर पुढे जाऊ नये.

टप्पा 1: मराठी क्रियापद झाकून पाच प्रश्न विचारणे

आता वाक्यातले मराठी क्रियापद बोटाने झाकावे. हे मी अक्षरशः करायला लावतो. मग पुढील प्रश्न याच क्रमाने विचारावेत आणि जिथे ‘हो’ येईल तिथे थांबावे.

1. संपलेल्या वेळेचा शब्द आहे का? काल, परवा, मागच्या महिन्यात, दोन दिवसांपूर्वी, 2019 मध्ये. असेल तर वर्तमानकाळाचा विषयच संपला. साधा भूतकाळ वापरावा.

2. गोष्ट मागे सुरू होऊन अजून चालू आहे आणि ती कधीपासून किंवा किती काळ, हे सांगितले आहे का? असेल तर ‘हॅव’ किंवा ‘हॅज’ लागणारच.

3. ती सवय, वस्तुस्थिती, मालकी, किंवा मनाची वा शरीराची अवस्था आहे का? असेल तर साधा वर्तमानकाळ.

4. या क्षणी किंवा या दिवसांत ती मध्यावर आहे का, म्हणजे सुरू झाली पण संपली नाही अशी? असेल तर चालू वर्तमानकाळ.

5. होऊन गेलेल्या गोष्टीचा परिणाम आत्ता हातात आहे का? असेल तर पूर्ण वर्तमानकाळ.

पहिला प्रश्न पहिलाच का, हे एका वाक्यावरून कळेल. ‘तो कालच गावाहून आला आहे’ हे मराठी निर्दोष आहे. ‘आला आहे’ पाहून ‘ही हॅज कम यस्टर्डे’ लिहिले जाते आणि तेथेच गाडी अडते, कारण इंग्रजीचा पूर्ण वर्तमानकाळ संपलेल्या वेळेचा शब्द जवळ फिरकू देत नाही. बरोबर वाक्य ‘ही केम यस्टर्डे’. मलाही पहिल्या नोकरीत एका पत्रात ‘वी हॅव सेंट द पार्सल लास्ट वीक’ असे लिहिल्याबद्दल वरिष्ठांनी लाल शाईने गोल काढून दिला होता; चूक काय, हे त्यांनीही सांगितले नाही. ‘लास्ट वीक’ काढले असते तरी चालले असते, किंवा ‘हॅव’ काढले असते तरी. दोन्ही एकत्र ठेवता येत नाहीत, एवढेच.

सावधान: ‘आज’, ‘या आठवड्यात’, ‘यंदा’ या वेळा अजून संपलेल्या नाहीत. त्यांच्याबरोबर पूर्ण वर्तमानकाळ चालतो: ‘आय हॅव कॉल्ड हिम थ्री टाइम्स टुडे’.

टप्पा 2: ‘-ला आहे’ या शेपटाचे चार वाटे

सगळ्यात जास्त वेळ या टप्प्याला द्यावा. मराठीतले ‘बसला आहे’, ‘लागली आहे’, ‘झाले आहे’ हे एकच दिसणारे रूप इंग्रजीत चार ठिकाणी विखुरते.

पहिला वाटा काम उरकल्याचा. ‘मी अर्ज भरला आहे’, ‘तिने गाडी विकली आहे’. अर्ज भरून झाला, गाडी आता तिच्याकडे नाही, आणि कधी ते सांगितलेले नाही. इथे तक्ता बरोबर चालतो: ‘आय हॅव फिल्ड इन द फॉर्म’, ‘शी हॅज सोल्ड द कार’.

दुसरा वाटा शरीराच्या ठेवणीचा, झोपेचा आणि कपड्यांचा. मराठी माणूस बसण्याची क्रिया पूर्ण झाली असे पाहतो, इंग्रज माणूस बसणे चालू आहे असे पाहतो. म्हणून ‘आजोबा ओट्यावर बसले आहेत’ म्हणजे ‘ग्रँडफादर इज सिटिंग’, ‘ती रांगेत उभी आहे’ म्हणजे ‘शी इज स्टँडिंग’, ‘बाळ झोपले आहे’ म्हणजे ‘द बेबी इज स्लीपिंग’, ‘तिने हिरवी साडी नेसली आहे’ म्हणजे ‘शी इज वेअरिंग अ ग्रीन सारी’, ‘त्याने चष्मा लावला आहे’ म्हणजे ‘ही इज वेअरिंग ग्लासेस’. फोटोचे वर्णन करा, असा प्रश्न परीक्षेत किंवा मुलाखतीत आला की हा वाटा हटकून लागतो; फोटोतली माणसे बहुधा बसलेली, उभी राहिलेली, टेकलेली किंवा काहीतरी घातलेली असतात आणि मराठीत या सगळ्यांना ‘-लेली’ लागते.

तिसरा वाटा भूक, तहान, ताप आणि रागाचा. आपल्याकडे भूक लागते, ताप येतो, सर्दी होते, राग येतो. जणू या गोष्टी बाहेरून चालत येतात. इंग्रजीत त्या माणसाच्या अवस्था आहेत आणि साध्या वर्तमानकाळात सांगितल्या जातात. ‘मला भूक लागली आहे’ म्हणजे ‘आय ॲम हंग्री’. ‘त्याला ताप आला आहे’ म्हणजे ‘ही हॅज अ फीव्हर’. ‘मला सर्दी झाली आहे’ म्हणजे ‘आय हॅव अ कोल्ड’. ‘बाई रागावल्या आहेत’ म्हणजे ‘द टीचर इज अँग्री’. ‘फीव्हर हॅज कम टू मी’ असे डॉक्टरांना सांगितले, तर मराठी डॉक्टर समजून घेतील, कारण त्यांच्याही मनात तेच वाक्य मराठीत उमटेल. परदेशातल्या दवाखान्यात मात्र ते दोनदा सांगावे लागेल.

चौथा वाटा वर पाहिलेला, संपलेल्या वेळेचा. ‘मी हा गड 2015 मध्ये पाहिला आहे’ म्हणजे ‘आय सॉ धिस फोर्ट इन 2015’.

उलट दिशेनेही फसगत होते. ‘जेवलास का?’, ‘किल्ली सापडली!’, ‘साहेब आले?’ ही मराठीत साध्या भूतकाळाची रूपे आहेत. तरी बोलणाऱ्याचे लक्ष आत्ताच्या स्थितीकडे आहे: पोट भरले की नाही, किल्ली हातात आहे, साहेब खोलीत आहेत की नाहीत. ब्रिटिश वळणाच्या इंग्रजीत, म्हणजे आपल्याकडे शिकवतात त्या इंग्रजीत, इथे पूर्ण वर्तमानकाळ येतो: ‘हॅव यू ईटन?’, ‘आय हॅव फाउंड द की!’, ‘हॅज सर कम?’. अमेरिकेत अशा ठिकाणी, विशेषतः ‘जस्ट’, ‘ऑलरेडी’, ‘येट’ यांच्याबरोबर, ‘डिड यू ईट येट?’ असा साधा भूतकाळ सर्रास ऐकू येतो. तिकडे राहणारा भाचा तसे बोलला म्हणून त्याला दुरुस्त करू नये. परीक्षेच्या पेपरात मात्र तसे लिहू नये.

‘गेला आहे’ या दोन शब्दांसाठी एक वेगळी खूणगाठ बांधावी. ‘ही हॅज गॉन टू मुंबई’ म्हणजे तो तिकडेच आहे, अजून परतलेला नाही. ‘ही हॅज बीन टू मुंबई’ म्हणजे जाऊन आला आहे, मुंबई पाहिलेली आहे. ‘तुम्ही कधी रायगडावर गेला आहात का?’ याचे ‘हॅव यू एव्हर बीन टू रायगड?’ असेच होते, कारण समोर बसलेला माणूस त्याच वेळी गडावर असू शकत नाही.

सावधान: ‘मी पहिल्यांदाच बर्फ पाहतो आहे’ या वाक्यात मराठी चालू काळ आहे. ‘धिस इज द फर्स्ट टाइम’ अशी सुरुवात केली, की पुढे पूर्ण वर्तमानकाळ येतो: ‘धिस इज द फर्स्ट टाइम आय हॅव सीन स्नो’.

टप्पा 3: ‘पासून’चा हिशेब

‘मी दहा वर्षांपासून नाशिकमध्ये राहतो.’ मराठीत साधा वर्तमानकाळ, म्हणून ‘आय लिव्ह इन नाशिक सिन्स टेन इयर्स’. या एका वाक्यात दोन चुका आहेत आणि दोन्ही ‘पासून’मुळे झाल्या आहेत.

पहिली चूक काळाची. गोष्ट मागे सुरू झाली, अजून चालू आहे आणि तिची मुदत सांगितली आहे. दुसऱ्या प्रश्नाला ‘हो’ आले. तेव्हा ‘हॅव बीन’ आणि ‘इंग’ रूप, म्हणजे चालू पूर्ण वर्तमानकाळ: ‘आय हॅव बीन लिव्हिंग’. ‘लिव्ह’ आणि ‘वर्क’ यांच्याबाबतीत ‘आय हॅव लिव्ह्ड’ असा पूर्ण वर्तमानकाळही तितकाच बरोबर आहे. मनाच्या आणि मालकीच्या क्रियापदांना मात्र ‘इंग’ लागत नाही: ‘मी त्याला लहानपणापासून ओळखतो’ म्हणजे ‘आय हॅव नोन हिम सिन्स चाइल्डहूड’.

दुसरी चूक शब्दाची. मराठीत ‘सोमवारपासून’ आणि ‘तीन दिवसांपासून’ या दोन्हींना एकच प्रत्यय लागतो. इंग्रजी त्यांना वेगळे करते. घड्याळावर किंवा दिनदर्शिकेवर बोट ठेवून दाखवता येईल असा आरंभबिंदू असेल तर ‘सिन्स’: ‘सिन्स मंडे’, ‘सिन्स मॉर्निंग’, ‘सिन्स 2015’. मोजता येईल अशी लांबी असेल तर ‘फॉर’: ‘फॉर थ्री डेज’, ‘फॉर टेन इयर्स’. सोपी युक्ती अशी की मराठी वाक्यात ‘पासून’ऐवजी ‘गेले’ किंवा ‘गेली’ घालून पाहावे. ‘गेली दहा वर्षे राहतो’ हे जमते, म्हणून ‘फॉर’. ‘गेला सोमवार राहतो’ हे जमत नाही, म्हणून ‘सिन्स’.

तपासणी: ‘सिन्स’नंतर संख्या आली, तर ती वर्षाची किंवा वाजल्याची वेळ असली पाहिजे. ‘सिन्स टू ओक्लॉक’ बरोबर, ‘सिन्स टू अवर्स’ चूक.

टप्पा 4: साधा की चालू?

तिसऱ्या आणि चौथ्या प्रश्नांमधली सीमारेषा इथे आखायची. मराठीत ‘मी रोज सकाळी फिरायला जात असतो’ असा रीती वर्तमानकाळ आहे आणि त्यातले ‘जात’ पाहून ‘आय ॲम गोइंग फॉर अ वॉक डेली’ असे लिहिले जाते. ही सवय आहे: ‘आय गो फॉर अ वॉक एव्हरी मॉर्निंग’. रोज, दर सोमवारी, नेहमी, कधीकधी, सहसा असे शब्द आले, की साधा वर्तमानकाळ. पाणी समुद्रसपाटीला 100 अंश सेल्सियसला उकळते, हे कायमचे सत्यही साधेच: ‘वॉटर बॉइल्स’.

‘व्हॉट डू यू डू?’ आणि ‘व्हॉट आर यू डूइंग?’ यांतला फरक मुलाखतीत कामी येतो. पहिला प्रश्न पोटापाण्याचा उद्योग विचारतो, दुसरा या घटकेला काय चालले आहे ते. पहिल्याला ‘आय ॲम सिटिंग हिअर’ असे उत्तर दिलेले मी स्वतः ऐकले आहे, आणि देणारा उत्तम वेल्डर होता. तसेच ‘आय कम फ्रॉम सातारा’ म्हणजे मूळ गाव सातारा. ‘आय ॲम कमिंग फ्रॉम सातारा’ म्हणजे तुम्ही आत्ता एसटीत आहात. ‘आय लिव्ह इन पुणे’ म्हणजे घरदार तिथे. ‘आय ॲम लिव्हिंग इन पुणे’ म्हणजे तात्पुरता मुक्काम, कोर्स संपेपर्यंत.

काही क्रियापदे एरवी ‘इंग’ घेत नाहीत. त्यांची यादी लांब आहे, पण मराठी माणसाला नडतात ती थोडी: ‘नो’, ‘अंडरस्टँड’, ‘वाँट’, ‘नीड’, ‘लाइक’, ‘बिलीव्ह’, ‘बिलाँग’ आणि मालकीचे ‘हॅव’. ‘मला समजते आहे’, ‘मला हवे आहे’, ‘मला आवडते आहे’ या मराठी रूपांतले ‘आहे’ त्यांना ‘इंग’कडे ओढते. ‘आय ॲम अंडरस्टँडिंग’ नको, ‘आय अंडरस्टँड’ हवे. ‘तुमच्याकडे सुटे आहेत का?’ याचे ‘आर यू हॅविंग चेंज?’ नको, ‘डू यू हॅव चेंज?’ हवे. एका बर्गरवाल्या कंपनीच्या जाहिरातीत ‘लव्ह’ला ‘इंग’ लावले आहे, हा युक्तिवाद वर्गात दर वर्षी होतो. जाहिरातीला खटकणारे वाक्यच हवे असते.

अर्थ बदलला की यांतलीच काही क्रियापदे ‘इंग’ घेतात. ‘हॅव’ म्हणजे जेवणे असेल तर ‘वी आर हॅविंग लंच’ बरोबर. ‘थिंक’ म्हणजे मत असेल तर ‘आय थिंक ही इज राइट’. मनात बेत घोळत असेल तर ‘आय ॲम थिंकिंग ऑफ सेलिंग द स्कूटर’.

सावधान: ‘ॲम, इज, आर’ यांच्यानंतर क्रियापदाचे मूळ रूप कधीही येत नाही. ‘मी बँकेत कामाला आहे’वरून ‘आय ॲम वर्क इन अ बँक’ आणि ‘मी सहमत आहे’वरून ‘आय ॲम ॲग्री’ अशी वाक्ये तयार होतात. ‘आय वर्क’, ‘आय ॲग्री’ एवढेच पुरेसे आहे.

टप्पा 5: रूप जोडणे, नकार आणि प्रश्न

काळ ठरल्यावरच रूपाला हात घालावा. साध्या वर्तमानकाळात ‘ही, शी, इट’ असेल तरच क्रियापदाला ‘एस’ लागतो. नामाला ‘एस’ लागला की अनेकवचन होते, आणि क्रियापदाला लागला की कर्ता एकवचनी असतो, या उलट्या व्यवहारामुळे गोंधळ उडतो. वर्तमानकाळातल्या बहुतेक साध्या जोड्यांमध्ये ‘एस’ एकदाच दिसतो: ‘द बॉय प्लेज’, ‘द बॉइज प्ले’.

नकारात आणि प्रश्नात हा ‘एस’ क्रियापदावरून उठून ‘डज’मध्ये जाऊन बसतो. म्हणून ‘शी डज नॉट नो’, ‘डज ही वर्क हिअर?’. ‘डजन्ट नोज’ लिहिणे म्हणजे एकाच प्रवाशासाठी दोन तिकिटे काढणे.

प्रश्नात साहाय्यक क्रियापद कर्त्याच्या आधी येते. मराठीत ‘तू का रडते आहेस?’ यात शब्दांची जागा बदलावी लागत नाही, म्हणून ‘व्हाय यू आर क्राइंग?’ होते, हवे ‘व्हाय आर यू क्राइंग?’. मात्र प्रश्न दुसऱ्या वाक्याच्या पोटात गेला, की क्रम पुन्हा सरळ: ‘टेल मी व्हेअर ही इज’. ‘टेल मी व्हेअर इज ही’ ही चूक चांगले इंग्रजी बोलणारेही करतात.

स्पेलिंगचे फार नाही. ‘वॉच’, ‘पास’, ‘गो’ यांना ‘ई-एस’. ‘स्टडी’मधला व्यंजनानंतरचा ‘वाय’ जाऊन ‘आय-ई-एस’, पण ‘प्ले’मधला स्वरानंतरचा ‘वाय’ तसाच. ‘इंग’ लावताना ‘राइट’चा शेवटचा ‘ई’ गळतो, ‘रन’ आणि ‘सिट’ यांचे शेवटचे अक्षर दुप्पट होते.

टप्पा 6: भविष्यात घुसलेला वर्तमानकाळ

‘मी उद्या फोन करतो’, ‘थांब, मी आणतो’, ‘निघतो मी’. आश्वासन देताना किंवा मदत पुढे करताना मराठीत साधा वर्तमानकाळ सहज येतो. इंग्रजीत तेथे ‘विल’ लागते: ‘आय विल कॉल यू टुमॉरो’. ‘आय कॉल यू टुमॉरो’ ऐकणाऱ्याला अर्धवट वाटते. याउलट वेळापत्रकातली गोष्ट साध्या वर्तमानकाळात बसते: ‘द ट्रेन लीव्हज ॲट फाइव्ह टुमॉरो’. आधीच ठरलेल्या भेटीगाठींना चालू वर्तमानकाळ: ‘आय ॲम मीटिंग द लॉयर ऑन फ्रायडे’.

‘जेव्हा’ आणि ‘जर’ यांच्या वाक्यात नेमके उलटे होते. ‘तू येशील तेव्हा बोलू’ यात मराठी भविष्यकाळ आहे, पण इंग्रजीत वेळ सांगणाऱ्या ‘व्हेन’च्या भागात ‘विल’ चालत नाही: ‘व्हेन यू कम, वी विल टॉक’. ‘पाऊस आला तर सामना रद्द होईल’ यात मराठीने भूतकाळाचे रूप घेतले आहे. इंग्रजीत साधा वर्तमानकाळ: ‘इफ इट रेन्स, द मॅच विल बी कॅन्सल्ड’.

टप्पा 7: एक परिच्छेद उलगडून तपासणे

मुलाखतीसाठी लिहून आणलेला हा परिचय पाहावा. असे कागद माझ्याकडे नेहमी येतात.

‘आय ॲम कमिंग फ्रॉम सांगली. आय ॲम लिव्हिंग इन पुणे सिन्स फोर इयर्स. माय फादर आर वर्किंग इन अ शुगर फॅक्टरी. आय हॅव कम्प्लीटेड माय डिग्री इन 2021. आय ॲम हॅविंग टू इयर्स ऑफ एक्सपीरियन्स. व्हेन आय विल गेट द जॉब, आय शिफ्ट टू मुंबई.’

सहा वाक्ये, सहाही चुकलेली, आणि लिहिणाऱ्याला चारही काळांचे तक्ते तोंडपाठ. प्रत्येक वाक्य पाच प्रश्नांतून काढावे. सांगली ही वस्तुस्थिती आहे, म्हणून ‘आय कम फ्रॉम सांगली’. पुण्यातली चार वर्षे ही लांबी आहे आणि मुक्काम चालू आहे, म्हणून ‘आय हॅव बीन लिव्हिंग इन पुणे फॉर फोर इयर्स’. पदवीला 2021 हे संपलेले वर्ष जोडले आहे, म्हणून ‘आय कम्प्लीटेड माय डिग्री इन 2021’. वर्ष काढून टाकले तर ‘आय हॅव कम्प्लीटेड माय डिग्री’ राहू शकते. अनुभव ही मालकी, म्हणून ‘आय हॅव टू इयर्स ऑफ एक्सपीरियन्स’. शेवटच्या वाक्यात ‘विल’ एका भागातून उचलून दुसऱ्यात ठेवायचे: ‘व्हेन आय गेट द जॉब, आय विल शिफ्ट टू मुंबई’.

वडिलांचे वाक्य मागे ठेवले, कारण ते व्याकरणाने एकट्याने सुटत नाही. वडील एक, म्हणून ‘आर’ जाणार हे नक्की. कायमची नोकरी असेल तर ‘माय फादर वर्क्स इन अ शुगर फॅक्टरी’. फक्त या गाळप हंगामापुरते गेले असतील तर ‘इज वर्किंग’. कागद आणणाऱ्या मुलाला मी विचारले, तेव्हा तो म्हणाला, ‘ते तीन वर्षांपूर्वी निवृत्त झाले.’ मग पहिल्याच प्रश्नाला ‘हो’ आले आणि वाक्य झाले ‘माय फादर वर्क्ड इन अ शुगर फॅक्टरी’.